आमचा पंथ कोणी निवडला?

आमच्याकडे सोयरिकीची बोलणी निघाली की जात कोणी विचारत नाही. ‘तुमचे मिशन कोणते?’ असे विचारतात. (जात आधीच ठाऊक असते, ही गोष्ट वेगळी.) माझ्या वडिलांचे मिशन स्कॉच, आईचे नाझरीन. आम्ही धर्म निवडला, पंथही निवडला, असे आम्ही अभिमानाने सांगत आलो. यातले खरे किती, हे आता तपासून पाहिले पाहिजे.

माझा पणजा परतूर भागातल्या एका मांगवाड्यातला. १९८१ साली जालना जिल्हा झाला तोवर परतूर तालुका परभणीत होता. पणजा दोर वळण्याचे काम सोडून पायी जालन्याला गेला. तेथे नारायण शेषाद्री होते. त्यांनी १८६० नंतर जालन्याला मिशन उभारले आणि सालारजंगाच्या दिवाणगिरीत निजाम सरकारकडून जमीन मिळवून जवळच बेथेल हे गाव वसवले. मांग-महार ख्रिस्त्यांना तेथे घर, शेत आणि शाळा मिळाली. शेषाद्री स्वतः जन्माने ब्राह्मण. १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. धाकट्या भावाचे, श्रीपतचे, प्रकरण कोर्टात गेले, तो बापाच्या हवाली झाला आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्याची शुद्धी केली. आमच्या इतिहासकारांनी यावर पाने खर्ची घातली आहेत. एक ब्राह्मण मुलगा जातीत परत घ्यावा की नाही, यावर वादळ उठले. मांगवाडे जातीबाहेर पडले त्याची मात्र कोणाला झळ लागली नाही.

आता पणजा ‘फ्री चर्च’चा कसा झाला? त्याच १८४३ च्या मे महिन्यात स्कॉटलंडमध्ये चर्च फुटले. भांडण असे, की मंडळीचा पाळक जमीनदाराने नेमावा की मंडळीने स्वतः निवडावा. जमीनदाराची सत्ता नाकारणारे बाहेर पडले, ते फ्री चर्च. मुंबईतले डॉ. विल्सन त्यांच्या बाजूने गेले, म्हणून शेषाद्री त्या चर्चचे आणि म्हणून पणजाही! माझ्या मते, वतनदाराच्या दारात जन्म गेलेल्या माणसाला या भांडणाचा अर्थ कोणाही साहेबाहून लवकर कळला असता. पण तो त्याला कोणी समजावून सांगितल्याचे आमच्या घरात कधी ऐकले नाही.

पुढे नावे बदलत गेली. १९०० साली फ्री चर्चचे युनायटेड फ्री चर्च झाले. १९२४ साली इकडे उत्तर हिंदुस्थानचे संयुक्त चर्च स्थापन झाले. १९२९ साली तिकडे युनायटेड फ्री चर्च बव्हंशी मूळ स्कॉटिश चर्चमध्ये परतले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. एका वाड्यातली माणसे त्याच बाकांवर बसून इतक्या पाट्यांखालून गेली. आईच्या माहेरचे वाशीमकडचे मेथडिस्ट. १९३० नंतरच्या दशकात ते क्षेत्र मेथडिस्टांनी नाझरीन मिशनकडे सोपवले आणि १९३८ साली तेथे दवाखाना निघाला. मिशनांनी मुलूख आपसांत वाटून घेतला होता. कोणत्या गावाने कोणती प्रार्थना म्हणावी हे नकाशावर ठरत होते. आणि त्या नकाशापायी परभणीत आल्यावर एका पाळकाने माझ्या आईला, चिठ्ठी नाही म्हणून, प्रभुभोजनाला बसू दिले नाही. ती मागच्या बाकावर रडली, एवढे आठवते.

निवड करणारेही होऊन गेले. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली वाँटेजला अँग्लिकन बाप्तिस्मा घेतला. पण त्या पंथाची सगळी मते त्यांनी मुकाट स्वीकारली नाहीत. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या हाताखाली जायचे नाही, हे त्यांनी पत्रांतून स्पष्ट कळवले. ना. वा. टिळक १९१७ साली मिशन सोडून ‘देवाचा दरबार’ भरवायला निघाले. या दोघांचे मोल मी कमी करत नाही. परंतु त्यांच्या हाती लेखणी होती, वाद घालण्याचे शिक्षण घरातून मिळाले होते. पणजाला पहिले अक्षर मिशनच्या शाळेत मिळाले. त्याच शाळेशी त्याने वाद कसा घालायचा? तरीही त्याने काहीच निवडले नाही, असे मी म्हणणार नाही. गाव सोडणे ही त्याची निवड. पंथ ही दुसऱ्यांची.

बाबासाहेब १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलले. तुम्ही सामाजिक अन्यायाविरुद्ध लढला नाहीत, हा त्यांचा आक्षेप होता. तो बोचला, आणि बोचायलाच हवा होता. आम्ही मिशनच्या नावांवरून भांडत राहिलो आणि १० ऑगस्ट १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीतून आम्ही बाहेर राहिलो. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात जागा मिळाली, ख्रिस्त्यांना नाही.

थोरला भाऊ आणि मी, दोघांचा बाप्तिस्मा एकाच पाळकाच्या हातचा. भावाच्या शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू-मांग’ आहे, माझ्या दाखल्यावर ‘ख्रिस्ती’. त्याला शिष्यवृत्ती मिळाली, माझ्या फीसाठी आईने पाटल्या विकल्या. मोठा झाल्यावर मी वडिलांना विचारले, असे का केले? ते म्हणाले, “एक पोरगं सरकारला दिलं, एक चर्चला. कोण सांभाळंल ते कुठं ठाव होतं?”