दुखण्याची साक्ष

रिसोडला आमच्या घरी पोट दुखलं की आधी ओवा, मग हिंग, आणि तरीही थांबलं नाही तर 'बेंबी सरकली' म्हणून पोटावर दिवा ठेवून त्यावर पालथा तांब्या. माझ्या चुलतबहिणीवर, ताईवर, हे सगळं करून झालं. जेवल्यावर अर्ध्या तासात बेंबीच्या वर कळ यायची. त्या भीतीनं ती जेवेनाशी झाली, वाळत गेली. सोनोग्राफी, एंडोस्कोपी सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी तर "लग्न करून टाका" असा सल्ला दिला. घरात 'नाटकं' हा शब्द हळू आवाजात वापरला जाऊ लागला.

तीन वर्षांनी पुण्यात सीटी अँजिओग्राफीत कारण दिसलं. श्वासपटलाच्या दोन बाजू मणक्यासमोर जिथे जुळतात, तिथे तंतूंची एक कमान असते. ती जरा खाली असली, तर जठर, यकृत आणि प्लीहेला रक्त देणारी सीलिअ‍ॅक धमनी तिच्याखाली दाबली जाते; श्वास सोडताना अधिकच. कमान कापली की धमनी मोकळी होते. पण सर्जन म्हणाले, "लगेच कापायचं नाही. आधी एक इंजेक्शन देऊन बघू."

हे 'आधी' कुठून आलं, ते शोधताना मला या आजाराचा इतिहास सापडला.

ही धमनी श्वासपटलाखाली दाबली जाऊ शकते, हे 1917 मध्ये बेंजामिन लिपशुट्झ यांनी शवविच्छेदनाच्या अभ्यासातून नोंदवलं. 1963 मध्ये फिनलंडच्या हारयोला यांनी जेवणानंतर पोट दुखणाऱ्या एका रुग्णाची अशी धमनी मोकळी केली आणि दुखणं थांबलं. 1965 मध्ये अमेरिकेत डनबार आणि सहकाऱ्यांनी आणखी रुग्ण मांडले. आजाराला त्यांचं नाव मिळालं. मग शंका सुरू झाल्या. कारण असाच दाब काहीही न दुखणाऱ्या माणसांतही दिसत होता, आणि एक धमनी अरुंद झाली तरी शेजारच्या धमनीतून रक्त पोचू शकतं. 1972 मध्ये सिलाजी यांनी लेखाच्या शीर्षकातच विचारलं: हा आजार मुळात आहे का?

म्हणजे प्रश्न ऑपरेशन कसं करावं हा नव्हताच, कुणाचं करावं हा होता. 1985 मध्ये रायली आणि सहकाऱ्यांनी ऑपरेशन झालेल्यांचा पाठपुरावा केला. जेवणाशी जोडलेलं दुखणं आणि बरंच घटलेलं वजन असलेल्यांना गुण जास्त आला होता. मानसिक आजाराचा इतिहास असलेल्यांना कमी. ही निरीक्षणं उपयोगाची होती. पण जिला आधीच 'डोक्याचं' म्हणून परत पाठवलं आहे, तिची बाजू त्यातून आणखी लंगडी होत होती.

दुसरा धागा मज्जातंतूंचा. त्याच धमनीभोवती मज्जातंतूंचं जाळं असतं. कमान धमनीबरोबर त्यालाही चिमटते. दुखणं रक्ताच्या कमतरतेचं नसून या जाळ्याचं असू शकतं. तिथल्या मज्जातंतू पाठीतून सुई घालून बधिर करण्याची पद्धत जर्मनीच्या माक्स काप्पिस यांनी 1914 मध्येच मांडली होती, पण ती पोटाच्या ऑपरेशनमधल्या भुलीसाठी. पुढे तीच सुई परीक्षेसाठी वापरात आली: जाळं काही तास बधिर करा, रुग्णाला जेवायला द्या आणि बघा. कळ आली नाही, तर ऑपरेशनचा उपयोग होण्याची शक्यता वाढते.

मी सॉफ्टवेअरवाला. बग कुठे आहे हे कळेना की आम्ही एक भाग तात्पुरता बंद करून प्रोग्राम चालवतो. हे तसंच वाटलं. पण त्यातली फसगतही मला ठाऊक आहे. त्याच जाळ्यातून स्वादुपिंडाचं दुखणंही जातं. म्हणून कॅन्सरच्या रुग्णांनाही हा ब्लॉक देतात. सुई दुखण्याची वाट सांगते, ते कुठून निघालं हे नाही. शिवाय इंजेक्शन दिलं या विश्वासानंही काही जणांना बरं वाटतं. म्हणून सुईचा निकाल एकटा पुरत नाही. स्कॅन, लक्षणं, वजन सगळं शेजारी ठेवावं लागतं.

त्या दुपारी ताईनं दोन पोळ्या, वरण-भात खाल्ला. काकू घड्याळाकडे बघत बसल्या होत्या. अर्धा तास झाला, तास झाला. काही झालं नाही. रात्री औषध उतरलं आणि कळ परत आली. ऑपरेशनचं ठरायला अजून अवकाश होता. पण काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि 'नाटकं' हा शब्द त्यानंतर आमच्या घरात कुणी काढला नाही.