क्लचच्या पेडलाशिवाय शर्यत

शर्यतीची गाडी म्हणजे हाताने गिअर टाकायची गाडी, हा समज आपल्याकडे पक्का आहे. ऑटोमॅटिक म्हणजे शहरातल्या वाहतूककोंडीला कंटाळलेल्या माणसाची सोय. चाकणच्या पोलोचा इतिहास मात्र उलटा क्रम दाखवतो.

फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ साली सुरू झाला. तिथली पोलो २०१० मध्ये रस्त्यावर आली ती हाताच्या गिअरची. २०१२ च्या पोलो आर कप शर्यतींत धावलेल्या पोलोला मात्र १८० अश्वशक्तीचे इंजिन आणि डीएसजी गिअरबॉक्स होता. क्लचचे पेडलच नाही. स्टिअरिंगमागच्या पट्ट्या बोटांनी ओढायच्या. सामान्य गिऱ्हाइकाला डीएसजीची पोलो २०१३ मध्ये मिळाली.

जुन्या ऑटोमॅटिकवर चालकांचा राग होता, तो माझ्या मते रास्तच. त्यात इंजिनची ताकद तेलातून चाकाकडे जाई, थोडी वाटेत मुरे. शिवाय ऐन वळणात तो आपल्याच मर्जीने गिअर बदले. डीएसजीत दोन क्लच असतात, एक विषम गिअरांसाठी, दुसरा सम गिअरांसाठी. पुढचा गिअर आधीच लागून तयार असतो, त्यामुळे ओढ तुटत नाही. आमच्या डोंगरकड्याकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्याला याचे मोल सांगावे लागत नाही. चढ लागण्याआधीच तो गिअर खाली आणतो. चढावर क्लच दाबला की ट्रॉल्या मागे खेचतात.

फॉर्म्युला वनमध्ये हा वाद १९८९ साली पेटला. पट्ट्यांच्या गिअरची फेरारी पहिल्याच शर्यतीत, ब्राझीलला, मॅन्सेलने जिंकून दिली. १९९१ मध्ये त्याच देशात सेन्नाने हाताच्या गिअरची मॅकलॅरन जिंकवली, पण शेवटी एकट्या सहाव्या गिअरवर. उतरताना अंगात त्राण नव्हते. त्या वर्षीचे विजेतेपद त्याचेच, आणि हाताच्या गिअरवरचे ते शेवटचे.

घड्याळाशीच शर्यत असेल तर मी डीएसजी घेईन. पाचव्याऐवजी चुकून तिसरा पडून इंजिन फुटण्याची भीतीही त्यात नाही. शिकणाऱ्याने मात्र आधी हाताचा गिअर घ्यावा. इंजिनची ओढ कुठे सुरू होते ते डाव्या पायाला कळते.

पोर्शने २०१३ मध्ये जीटी-३ मधून हाताचा गिअर काढला. नवा गिअरबॉक्स वेगवान होता, तरी गिऱ्हाइके कुरकुरत राहिली. २०१७ मध्ये हाताचा गिअर परत आला, तोही जादा पैसे न घेता.