क्रेफिश : लुईझियानाची मेजवानी, इतर नद्यांची डोकेदुखी

अमेरिकेच्या दक्षिणेकडील लुईझियाना राज्यात मार्च ते मे या काळात अंगणाअंगणात मोठी पातेली चढतात. मीठ, लाल तिखट, लिंबू, लसूण आणि तमालपत्र घालून उकळलेल्या पाण्यात पोतेभर जिवंत क्रेफिश सोडले जातात. सोबत बटाटे आणि मक्याची कणसे असतात. शिजल्यावर सगळे वर्तमानपत्र अंथरलेल्या टेबलावर ओततात आणि आजूबाजूला उभे राहून लोक हाताने खातात. हाच प्राणी स्पेन किंवा केनियातील तळ्यांमध्ये मात्र उपद्रवी ठरला आहे. असे का झाले, हे त्याच्या राहणीवरून कळते.

क्रेफिश म्हणजे नेमके काय?

नावात 'फिश' असले तरी क्रेफिश मासा नाही. तो खेकडा आणि कोळंबी यांच्यासारखा दहा पायांचा कवचधारी प्राणी आहे. त्याचे कवच कोळंबीपेक्षा जाड असते आणि पुढच्या पायांना दोन मोठ्या नांग्या असतात. धोका जाणवला की तो शेपटी जोरात आत ओढून झपकन मागे सरकतो. काही देशांत समुद्रातल्या शेवंडीलाही क्रेफिश म्हणतात. पण शेवंड खाऱ्या पाण्यात राहते आणि तिला अशा मोठ्या नांग्या नसतात.

जगात क्रेफिशच्या सहाशेहून अधिक जाती आहेत. त्यातल्या निम्म्याहून जास्त उत्तर अमेरिकेत आढळतात. ऑस्ट्रेलिया, मादागास्कर, दक्षिण अमेरिका आणि युरोपातही त्यांच्या स्थानिक जाती आहेत. आफ्रिकेची मुख्य भूमी आणि भारतीय उपखंड येथे मात्र क्रेफिश मूळचे नाहीत.

गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी पिल्ले वाढवण्यासाठी खाडीच्या मचूळ पाण्याकडे जाते. क्रेफिशला त्याची गरज नसते. मादी अंडी शेपटीखाली चिकटवून सांभाळते आणि अंड्यातून थेट छोटे क्रेफिशच बाहेर पडतात. म्हणजे एखाद्या बंदिस्त तळ्यातही त्याची पिढ्यान्‌पिढ्या वाढ होऊ शकते.

भाताच्या खाचरातले पीक

लुईझियानात मुख्यतः खाल्ली जाणारी जात म्हणजे लाल दलदली क्रेफिश. तिचे शास्त्रीय नाव प्रोकॅम्बॅरस क्लार्कीआय असे आहे. अचाफलाया नदीच्या विस्तीर्ण दलदलीत ती जाळीच्या सापळ्यांनी पकडली जाते. पण आज बराच माल शेतीतून, विशेषतः भाताच्या खाचरांतून येतो.

उन्हाळ्यात शेतातले पाणी कमी केले की क्रेफिश ओल्या मातीत बीळ करून आत जातात. मादी तिथेच अंडी घालते. भात कापून झाल्यावर शरद ऋतूत शेतात पुन्हा पाणी सोडतात, तेव्हा माद्या पिल्लांसह बाहेर येतात. कुजणारा पेंढा आणि त्यावर वाढणारे बारीक जीव हे त्यांचे खाद्य. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत शेतकरी सापळे लावून त्यांना पकडतात. अशा रीतीने एकाच शेतातून भात आणि क्रेफिश अशी दोन उत्पन्ने निघतात.

या चक्रात बिळातला ओलावा महत्त्वाचा असतो. २०२३च्या उन्हाळ्यात लुईझियानात कडक दुष्काळ पडला. जमीन सुकून भेगाळली आणि बिळांतल्या माद्या मोठ्या प्रमाणात मेल्या. परिणामी २०२४च्या हंगामाच्या सुरुवातीला माल तुटपुंजा आला आणि भाव कडाडले.

केजन लोकांचे खाणे

क्रेफिश खाण्याची परंपरा केजन समाजाशी जोडलेली आहे. १७५५ पासून ब्रिटिशांनी आजच्या कॅनडाच्या पूर्व भागातून फ्रेंचभाषक अकेडियन लोकांना हाकलले. त्यातले बरेच जण पुढे लुईझियानात स्थायिक झाले. ते कॅथलिक होते. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात शुक्रवारी मांस वर्ज्य असते, पण जलचर चालतात, आणि क्रेफिशचा भर हंगाम नेमका याच सुमारास असतो. एकेकाळी गरिबांचे खाणे समजला जाणारा हा प्राणी पुढे राज्याची ओळख बनला. १९८३ मध्ये लुईझियानाने त्याला राज्याचा कवचधारी प्राणी म्हणून मान्यता दिली.

खाताना शेपटी पिळून वेगळी करतात, आतला गर काढतात आणि डोक्यातला मसालेदार रस चोखतात. एकूण वजनाच्या साधारण १५ टक्केच गर मिळतो, म्हणून एका माणसामागे दीड-दोन किलो क्रेफिश लागतात. भातावर वाढायचा 'एतुफे' नावाचा दाट रस्साही प्रसिद्ध आहे.

बाहेर गेला आणि पसरला

बिळात तग धरणे, मिळेल ते खाणे आणि झपाट्याने वाढणे या गुणांमुळे क्रेफिशची शेती सोपी होते. त्याच गुणांमुळे परक्या पाण्यात तो आवरत नाही. १९७०च्या दशकात तो शेतीसाठी स्पेनमध्ये नेला गेला. तिथे त्याने भातशेतीचे बांध पोखरले आणि पाणवनस्पती, गोगलगायी, बेडकांची पिल्ले फस्त केली. २०१६ मध्ये युरोपीय महासंघाने त्याला आक्रमक जातींच्या यादीत टाकले. पण तोवर सेव्हिलजवळच्या भातपट्ट्यात अनेक कुटुंबांचे पोट त्याच्यावर चालू लागले होते.

अमेरिकन क्रेफिश एक बुरशीसदृश रोगही वाहून नेतात. त्यांना स्वतःला तो सहसा मारत नाही, पण युरोपीय जाती त्यात जवळजवळ पूर्ण नष्ट होतात. स्वीडनमध्ये हा रोग १९०७ मध्ये पोहोचला. तिथे ऑगस्टमध्ये क्रेफिश खाण्याचा जुना सण आहे. स्थानिक जात घटल्यावर १९६० पासून कॅलिफोर्नियातून दुसरी जात आणून सोडली गेली. तीही याच रोगाची वाहक निघाली.

चीनमध्ये हा प्राणी १९२०च्या दशकाच्या अखेरीस जपानमार्गे पोहोचला. आज तिथे वर्षाला २० लाख टनांहून अधिक उत्पादन होते. जगात हे सर्वाधिक आहे.

आपल्याकडे काय?

परका जीव आधी पाण्यात आणि मग ताटात स्थिरावणे आपल्याला नवे नाही. उजनी जलाशयातली चिलापी मूळची आफ्रिकेची आहे, तरी भिगवणच्या खानावळींत ती आवडीने खाल्ली जाते. आपल्या नद्यांमध्ये स्वतःच्या कोळंबी आहेत आणि पश्चिम घाटात इतरत्र कुठेही न आढळणारे गोड्या पाण्यातले खेकडे आहेत. भारतात क्रेफिश शोभेसाठी मत्स्यालयात पाळले जातात. पाळलेला क्रेफिश नकोसा झाला, तर तो विहिरीत, ओढ्यात किंवा तलावात सोडू नये. दुकानदाराला परत द्यावा किंवा पाळणाऱ्या दुसऱ्या कुणाला द्यावा. एकदा तो पाण्यात रुजला की त्याला पुन्हा काढता येत नाही, हा इतर देशांचा अनुभव आहे.