जूनची आगोट आणि नोव्हेंबरचे वादळ

वर्ष कधी संपते असे श्रीवर्धनच्या बाईला विचाराल तर ती फाल्गुन सांगणार नाही. मेअखेरीस रोहिणी लागली, छपरावर चढलेला गडी खाली उतरला, अंगणातला मांडव सोडून त्याचे वासे पडवीत रचले आणि माळ्यावर चार महिन्यांची बेगमी चढली, की वर्ष संपले. या सगळ्या खटाटोपाला आम्ही आगोट म्हणतो. मी घाटावरची. लग्न होऊन इकडे आले आणि इथल्याच शाळेत शिकवून निवृत्त झाले. पहिल्या मे महिन्यात मला वाटले होते की या घरात कुणाचे तरी कार्य निघाले आहे. एवढी धावपळ नुसत्या पावसासाठी, हे पटायला मला एक जून काढावा लागला.

बेगमीची यादी मी देणार नाही. सुकट, आमसुले, सांडगे, कुरडया यांवर कोकणाबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकाने हात मारून घेतलेला आहे. तिचे कारण मात्र सांगायला हवे. मुंबईहून कोकणच्या बंदरांना येणाऱ्या आगबोटी मेअखेरीस बंद होत, त्या नारळी पौर्णिमा उलटल्यावर सुरू होत. ओढ्यांवर साकव, पलीकडे लाल मातीचा रस्ता. मीठ, गूळ, काड्यापेटी, रॉकेल, जे घरात नाही ते श्रावणापर्यंत नाही. तरीसुद्धा सासूबाईंच्या लेखी डबे शेवटी यायचे. मी लोणच्याच्या बरण्या पुसायला घेतल्या की त्या म्हणायच्या, "सूनबाई, आधी वर बघ. डबे मागनं भरता येतील."

वर म्हणजे छप्पर. किनाऱ्यावरच्या माणसाचा निम्मा इतिहास छपरात आहे, असे माझे मत आहे. सर्वांत जुनी ती केंबळी घरे, गवताने किंवा पेंढ्याने शाकारलेली. दरवर्षी नवे गवत, नवे बंध. ज्याच्याकडे चार पैसे त्याच्या घरावर नळे, म्हणजे कुंभाराच्या चाकावरची अर्धगोल कौले. ती एकमेकांवर नुसती टेकलेली असत. मांजर पळाले तरी सरकत, म्हणून दर मे महिन्यात सगळी खाली उतरवायची, फुटकी वेगळी काढायची आणि पुन्हा लावायची. मग १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तिथली चपटी, खाचेची कौले समुद्रमार्गे वर येऊ लागली. या मंगळुरी कौलाला मागे नाक असते, ते रिपेत अडकते, आणि कडेची खाच शेजारच्या कौलाला धरून ठेवते. वर्षाचे काम निम्म्यावर आले. कौले परतायची ती फुटक्यापुरतीच.

तरीही मंगळुरी कौल बांधलेले नसते, नुसते बसवलेले असते. वारा त्याला मधून उचलत नाही, कडेने उचलतो: आढ्यापाशी, वळचणीला, पाखीच्या टोकाला. म्हणून आमच्याकडे आढ्यावरची कौले चुन्यात बसवत, पुढे सिमेंटमध्ये. वळचणीच्या ओळीवर एक लांब वासा आडवा टाकून तो काथ्याने खालच्या वाशांशी आवळत. ज्या बाजूने झड येते त्या बाजूची पडवी झावळ्यांच्या विणलेल्या झापांनी बंद करत. वाडीतल्या माडांवरून सुक्या झावळ्या आणि तयार नारळ उतरवून घेत. हे शेवटचे काम उत्पन्नासाठी आहे असे मला बरीच वर्षे वाटत होते. सुटलेला नारळ वाऱ्यात किती कौले फोडतो हे कळल्यावर त्याचा दुसरा अर्थ लागला.

समुद्रावरही हेच. कोळीवाड्यात होड्या किनाऱ्यावर ओढून, ओंडक्यांवर चढवून, झापांनी शाकारून ठेवत. झापांच्या जागी आता निळे प्लास्टिक आले, पण शब्द शाकारणेच राहिला. आज १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला सरकारी बंदी असते, तेव्हा दर्याचा धाक होता. मराठ्यांच्या आरमारालाही तो होता. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारावर प्रकरण आहे. दर्या खवळण्याआधी गुराबा-गलबतांची छावणी सुरक्षित बंदरात करावी, हा त्यातला हुकूम आमच्या कुठल्याही नाखव्याला नवा वाटणार नाही.

या सगळ्यात एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वादळाची खबर कुणालाच नव्हती. कलकत्त्याला ऑक्टोबर १८६४ मध्ये भयंकर चक्रीवादळ झाले, त्यानंतर तिथल्या बंदराला इशारे देण्याची सोय झाली आणि १८७५ साली हवामान खाते निघाले. बंदरावर बावटा चढणे, आकाशवाणीवर मच्छीमारांना इशारा, हे सगळे त्यापुढचे. त्याआधी शेकडो वर्षे लोक तयारी करत ती पंचांगावरून. रोहिणीपूर्वी घर तयार हवे, वादळ येवो की न येवो. अरबी समुद्रातली चक्रीवादळे मुख्यतः दोन वेळा उठतात: मॉन्सूनच्या तोंडाशी मे-जूनमध्ये आणि तो परतल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पैकी पहिल्या वेळेला आगोट आपोआप पुरी पडत होती.

आपल्या किनाऱ्यावरच्या वादळांचा इतिहास लिहिताना जरा जपून राहावे लागते. मे १६१८ मध्ये वसई-मुंबई भागात झालेल्या तुफानाचे उल्लेख सापडतात. पण जून १८८२ मध्ये मुंबईत चक्रीवादळाने एक लाख माणसे मेली, हे जे वाक्य याद्यांमधून फिरत असते त्याला आधार नाही. संशोधकांनी त्या काळची कागदपत्रे चाळली, असा प्रलय त्यांत कुठेच नाही. एक लाख माणसे जातात आणि वर्तमानपत्रांत ओळ येत नाही, हे कसे शक्य आहे? शाळेत असताना मुलांना मी तेच विचारायचे: छापलेले आहे ठीक, पण तेव्हा कोणी लिहून ठेवले आहे का? नक्की झालेली वादळे वेगळी आहेत. २२ नोव्हेंबर १९४८ ला मुंबईवर चक्रीवादळ आले. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर चढले आणि त्याआधी रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कितीतरी होड्या समुद्रात सापडल्या. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर वर गुजरातकडे गेले. मुंबई हायजवळ पी-३०५ हा तराफा बुडून सत्तरहून अधिक माणसे गेली ती त्याच वेळी.

आणि आमचे निसर्ग. १ जून २०२० ला समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तीव्र झाले, २ जूनला दुपारी त्याला नाव मिळाले, ३ जूनला दुपारी साडेबारा ते अडीचच्या सुमारास ते आमच्या अंगावरून गेले. हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर, मधले झोत १२०. सूचना चोख मिळाली होती. कच्च्या घरांतली माणसे शाळांत हलवली. करोनाचे दिवस, तोंडाला फडकी आणि वर्गात दाटी. माणसे पुष्कळशी वाचली ती त्या सूचनेमुळे, याबद्दल शंका नको. घरांचे तसे झाले नाही. नाव मिळाल्यापासून आदळेपर्यंत एक दिवस. एका दिवसात बॅटऱ्या चार्ज होतात, कागदपत्रांची ट्रंक खाली येते, छप्पर शाकारून होत नाही.

एरवी ३ जूनला आगोट आटोपलेली असायची. त्या वर्षी टाळेबंदीने गडी मिळाले नव्हते, सिमेंट-चुन्याची दुकाने बंद, मुंबईचे चाकरमानी अडकलेले. शिवाय छपरेच बदलली होती. माकडांनी कौले फोडून लोकांना इतके जेरीस आणले की निम्म्या गावाने कौले काढून पत्रे घातले. पत्र्याला आगोट लागत नाही, हा त्याचा मोठा गुण सांगितला जाई. वादळाने त्याची दुसरी बाजू दाखवली. कौलारू छप्पर वाऱ्यात एकेक कौल टाकते, फटींमधून वारा निघून जातो आणि सांगाडा बहुधा उभा राहतो. नीट न आवळलेला पत्रा सबंध उठतो, रिपा घेऊन जातो आणि शेजारच्या घरावर पडतो. आमच्या माजघरावर जो पत्रा येऊन पडला तो कुणाचा, हे शेवटपर्यंत कळले नाही. पुढचे काही आठवडे पत्र्याला सोन्याचा भाव होता.

आगोटीचेही दोष तेव्हा उघडे पडले, तेही सांगते. सासूबाईंची सगळी व्यवस्था ओलीविरुद्ध होती. ओल खालून येते म्हणून भात, डाळी, पापड, अंथरुणे, जुनी खरेदीखते, सगळे माळ्यावर. छप्पर उडाले की पहिला भिजतो तो माळा. ज्यांनी २ जूनच्या रात्री माळा रिकामा करून सामान माजघरात, पलंगाखाली, जात्याच्या कोनाड्यात ठेवले त्यांचे धान्य वाचले. दुसरा दोष दिशेचा. पावसाळ्याचा वारा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे झाप त्या अंगाला. चक्रीवादळ समुद्रात असते तोवर त्याच्या वाटेवरच्या गावाला वारा जमिनीकडून लागतो, डोळा गेला की तोच वारा उलटा फिरतो. आमच्या घराचे तोंड पूर्वेला, ओटी सताड उघडी. पहिला तडाखा तिथेच बसला.

आणि विजेचे. वाडीत पूर्वी रहाट होता. पंप आल्यावर तो मोडीत गेला. निसर्गनंतर विजेचे खांब आडवे, काही गावांना वीज यायला आठवडे लागले. विहीर तुडुंब भरलेली आणि घरात पाणी नाही. ज्यांची एक कप्पी आणि काथ्याचा दोर पडवीत टांगलेला होता त्यांच्याकडे आळी पाणी भरायला जात होती.

वाड्या झोपल्या त्याबद्दल फार लिहवत नाही. श्रीवर्धनची रोठा सुपारी महाराष्ट्रभर जाते. सुपारी उंच आणि सडपातळ, ती पोफळांच्या दाटीत एकमेकींच्या आधाराने उभी असते. दाटीत भगदाड पडले की एकामागून एक जातात. नवे रोप धरायला सहा-सात वर्षे. भरपाई आधी हेक्टरच्या हिशेबात बसवलेली होती, आणि इथे वाड्या गुंठ्यांत. मग झाडागणिक हिशेब करावा लागला. हे सांगायला माणसांना किती खेपा घालाव्या लागल्या ते आम्ही पाहिले आहे.

माझे म्हणणे एवढेच की इशारा माणूस वाचवतो, घर वाचवायला रिवाज लागतो. जूनसाठी आपल्याकडे तो आहे, कमी-जास्त करून पुरा करता येतो. नोव्हेंबरसाठी काहीच नाही. अठ्ठेचाळीसचे आणि फयान, दोन्ही दिवाळी उलटल्यावर आली. तेव्हा आगोटीचे सगळे नेमके उलटे झालेले असते. झाप सोडलेले, अंगणात मांडव पुन्हा उभा, भात झोडपणीला बाहेर, होड्या समुद्रात, वळचणीवरचा वासा काढून कशाला तरी वापरलेला. सासरे अठ्ठेचाळीसच्या वादळाची गोष्ट सांगायचे त्यात वाऱ्यापेक्षा भिजलेल्या भाताचे दुःख जास्त असे. दोन आगोटी करा असे मी गावात म्हटले तेव्हा लोक हसले. हसोत.

मुंबई-पुण्यात राहून इथे घर बंद ठेवणाऱ्यांना तर हात जोडून सांगणे आहे. तुमच्या बंद घराचा सैल पत्रा शेजारच्या म्हातारीच्या डोक्यावर जातो. मे महिन्यात आलात तर आंबे उतरवण्याआधी छपरावर माणूस चढवा. दिवाळीला आलात तर परतण्यापूर्वी पत्र्याचे बोल्ट आवळून घ्या, वळचणीचा वासा पुन्हा बांधा, पूर्वेच्या दाराला आडणा घाला, अंगणातले सुटे सामान आत टाका, माळ्यावरची कागदपत्रे खाली आणा आणि किल्ली शेजारी देऊन जा.