दफननोंदी, ब्रिटिश भारतातील

ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि पुढे ब्रिटिश सरकारच्या अमलात भारतात मरण पावलेल्या युरोपीय व अँग्लो-इंडियन लोकांच्या दफनाची चर्चने ठेवलेली नोंद. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि भारतातीलही अनेक कुटुंबे आपल्या पूर्वजांचा माग या नोंदींवरून काढतात. कबर सापडली की शोध संपला, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात दगडावरचा मजकूर हा पुराव्याचा सर्वांत अपुरा भाग होय. माणसाचे नातेगोते उलगडते ते कागदावर, आणि तेही एका नोंदीतून क्वचितच.

व्यवस्था अशी होती : बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांत कंपनीचे पगारी पाद्री असत. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या ते ठेवत व त्यांच्या नकला लंडनला धाडत. या नकला मद्रासच्या १६९८ पासून, मुंबईच्या १७०९ पासून आणि बंगालच्या १७१३ पासून उपलब्ध आहेत व स्वातंत्र्याच्या सुमारापर्यंत त्या चालू राहिल्या. इंडिया ऑफिसच्या दप्तराबरोबर त्या आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असून २०१४ पासून त्यांतील मोठा भाग इंटरनेटवर पाहता येतो. मात्र ही नक्कल आहे, मूळ वही नव्हे. उतरवून घेताना आडनावे बिघडली, ओळी गळल्या. मूळ वह्या त्या त्या चर्चकडे राहिल्या. शंका आली तर तिथेच जावे लागते.

१९ व्या शतकातील दफननोंदीत मृताचे नाव, वय, हुद्दा किंवा पलटण, मृत्यूची व दफनाची तारीख आणि पुष्कळदा मृत्यूचे कारण मिळते. उकाड्यामुळे दफन त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उरकत, त्यामुळे दोन्ही तारखांत अंतर जवळजवळ नसते. वयावर मात्र फार विसंबू नये. शिपायाचे वय भरतीच्या वेळी त्याने सांगितलेले असे, आणि तो ते सोयीने सांगे. १७५२ पूर्वीच्या तारखांत आणखी एक खोच आहे. जुन्या इंग्रजी गणनेत वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतले मरण आपल्या हिशेबाने एक वर्ष मागचे दिसते. एकाच पलटणीची माणसे पानभर, आठवडाभरात गेलेली दिसली, तर पटकीची साथ समजावी.

नातलगांच्या शोधात दफनाची नोंद विवाहाच्या वहीशेजारी ठेवून वाचण्याला पर्याय नाही. त्या काळी विधवा, विशेषतः पलटणीतली, काही महिन्यांत पुन्हा लग्न करी. पेन्शन तुटपुंजी आणि मायदेश सहा महिन्यांच्या जलप्रवासावर, तेव्हा दुसरा मार्गही नसे. मग तिचे आडनाव बदले, मुले सावत्र बापाच्या घरी वाढत आणि वंशवेल अचानक खुंटल्यासारखी वाटे. याचे एक जुने आणि नामांकित उदाहरण मद्रासचे आहे. तेथील उच्च न्यायालयाच्या परिसरात एक उंच स्मारक आहे. त्याखाली जोसेफ हिनमर्स हा कंपनीचा अधिकारी आणि डेव्हिड येल हा लहानगा मुलगा असे दोघे पुरलेले आहेत. आडनावे वेगळी, वयांत मोठे अंतर. नुसत्या दगडावरून संबंध कळणार नाही. तो सेंट मेरी चर्चच्या वहीत कळतो. ४ नोव्हेंबर १६८० रोजी तेथे नोंदलेले पहिलेच लग्न हिनमर्सची विधवा कॅथरिन आणि एलिहू येल यांचे. डेव्हिड त्यांचा मुलगा. आईच्या पहिल्या नवऱ्याशेजारी त्याला जागा मिळाली. हाच एलिहू येल पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला आणि अमेरिकेतील विद्यापीठाला त्याचे नाव लागले.

वह्या जे सांगत नाहीत तेही लक्षात घ्यावे. मोहिमेवर पडलेल्यांची नोंद अनेकदा नसते; त्यासाठी लष्करी हजेरीपट धुंडाळावे लागतात. कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश कॅथलिकांचा भरणा मोठा होता, पण प्रॉटेस्टंट पाद्र्यांच्या वहीत त्यांची नावे बराच काळ विरळाच. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचे नाव व हुद्दा ठळक, आणि आई भारतीय असेल तर तिचा उल्लेख निनावी किंवा मुळीच नाही. आज शेकडो कुटुंबांची वंशावळ याच जागी अडते. हे मौन अनवधानाचे नव्हते. अशा स्त्रियांची नावे सापडलीच तर ती मृत्युपत्रांत. मृत्युपत्रे आणि मृताच्या मालमत्तेच्या याद्या १८ व्या शतकापासून याच दप्तरात आहेत. लिलावात खुर्ची, घोडा, पुस्तके कोणी किती रुपयांना घेतली, इथपर्यंत तपशील त्यांत मिळतो. माझ्या मते सबंध दप्तरात माणूस सर्वांत जिवंत दिसतो तो इथे.

कबरींचे दगड स्वतंत्रपणेही नोंदले गेले. जे. जे. कॉटन यांची मद्रास इलाख्याची यादी १९०५ ची. महाराष्ट्राच्या दृष्टीने ओ. एस. क्रॉफ्टन यांच्या याद्या महत्त्वाच्या : मध्य प्रांत व वऱ्हाडची १९३२ ची आणि निजाम संस्थानची १९४१ ची. नागपूर, कामठी, जालना, औरंगाबाद येथील, आता पुसट झालेले किंवा नाहीसे झालेले लेख त्यांत वाचता येतात. सुरतेच्या इंग्रज कबरस्तानात क्रिस्टोफर (मृत्यू १६५९) आणि जॉर्ज ऑक्झेंडन (मृत्यू १६६९) हे भाऊ एकाच दुमजली घुमटीखाली आहेत. मुंबईत सोनापूरचे जुने कबरस्तान मागे पडून १८६० च्या दशकात शिवडीचे सुरू झाले. फोर्टमधील सेंट थॉमस कॅथीड्रलच्या भिंतींवरचे संगमरवरी फलक ही पुष्कळदा नुसती स्मारके आहेत. त्यांतील कित्येकांचे देह दूर कुठे रणात किंवा समुद्रात राहिले. खडकीच्या युद्धस्मशानात दुसऱ्या महायुद्धातील १,६०० हून अधिक कबरी आहेत, पण त्यांतील अनेक पश्चिम व मध्य भारतातील इतर ठिकाणांहून देखभालीच्या सोयीसाठी तेथे हलवलेल्या. तेव्हा खडकीला कबर म्हणजे खडकीला मृत्यू, असे धरू नये.

१९७६ मध्ये थिऑन विल्किन्सन यांच्या पुढाकाराने लंडनमध्ये दक्षिण आशियातील युरोपीय दफनभूमींसाठी संस्था उभी राहिली; तिने अनेक कबरस्तानांचे लेख छापले. १९९८ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश भारतातील कुटुंबांच्या संस्थेची शोधसूची विनामूल्य आहे. भारतीय ख्रिस्ती कुटुंबांना मात्र लंडनचा फारसा उपयोग नाही. त्यांच्या मिशनच्या व धर्मग्रामांच्या वह्या बहुधा लंडनला गेल्याच नाहीत. अहमदनगर असो वा वसई, त्यांनी आधी आपल्याच चर्चच्या कार्यालयात चौकशी करावी, आणि वही जीर्ण असेल तर पानांची छायाचित्रे घेण्याची परवानगी मागावी.