दातांच्या दवाखान्यातील मांडणी आणि तुमची सुरक्षितता: खुर्चीवर बसल्यावर काय पाहावे?

दातांच्या दवाखान्यात गेल्यावर बहुतेकांचे लक्ष ड्रिलच्या आवाजाकडे असते. साहित्य कुठे ठेवले आहे, ट्रे कसा लावला आहे, हे फारसे कोणी पाहत नाही. पण उपचारादरम्यान संसर्ग टाळणे बऱ्याच अंशी याच मांडणीवर अवलंबून असते.

मांडणी इतकी महत्त्वाची का?

दातांवर उपचार करताना अवजारांना लाळ आणि रक्त लागते. हिपॅटायटिस बी चा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान ७ दिवस टिकू शकतो, डाग दिसत नसला तरीही. म्हणून स्वच्छ वस्तू आणि वापरलेल्या वस्तू एकमेकींच्या संपर्कात येऊ नयेत, हा मांडणीचा मुख्य नियम आहे.

वापरलेली अवजारे आधी घासून धुतली जातात. मग ती कोरडी करून पाउचमध्ये सील करतात, ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करतात आणि बंद कपाटात ठेवतात. ऑटोक्लेव्ह साधारण प्रेशर कुकरसारखे काम करतो: दाबाखालील वाफेने १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटे किंवा १३४ अंशांना किमान ३ मिनिटे. नुसते उकळणे पुरेसे नाही, कारण काही जंतूंचे बीजाणू त्यात जिवंत राहतात.

खुर्चीवर बसल्यावर काय पाहावे?

• सीलबंद पाउच: अवजारांचा पाउच तुमच्यासमोर उघडला जावा. तो फाटलेला किंवा ओला नसावा. पाउचवरील खुणेचा रंग बदललेला असावा. मात्र रंग बदलला म्हणजे पाउच ऑटोक्लेव्हमधून गेला, एवढेच कळते. यंत्र नीट काम करते का, हे पाहण्यासाठी दर आठवड्याला बीजाणू चाचणी करणे योग्य असते.

• आधीच लावलेला ट्रे: लागणारे साहित्य उपचारापूर्वीच काढून ठेवलेले असावे. मध्येच काही लागले, तर ते मदतनिसाने स्वच्छ हाताने द्यावे. तुमच्या तोंडात घातलेल्या हातमोज्यांनी ड्रॉवर उघडला, तर त्यातील साहित्य दूषित होऊ शकते.

• मोकळा ओटा: भरपूर सामान मांडलेले टेबल म्हणजे सुसज्ज दवाखाना, असा एक गैरसमज आहे. ड्रिल चालू असताना लाळमिश्रित तुषार आजूबाजूला उडतात. त्यामुळे कापूस आणि इतर साहित्य झाकून किंवा ड्रॉवरमध्ये ठेवलेले बरे.

• नव्या वस्तू: भुलीच्या इंजेक्शनची सुई, भुलीच्या औषधाची कार्ट्रिज, हातमोजे आणि लाळ ओढणारी नळी प्रत्येक रुग्णासाठी नवीनच हवी.

• ड्रिलचा हँडपीस: तो नुसता पुसून चालत नाही. प्रत्येक रुग्णानंतर तो ऑटोक्लेव्ह करावा लागतो.

• दिवा आणि बटणे: डॉक्टर हात लावतात त्या जागांवर प्लास्टिकचे आवरण असावे किंवा त्या प्रत्येक रुग्णानंतर जंतुनाशकाने पुसलेल्या असाव्यात.

• कचऱ्याचे डबे: भारतात जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत, तर सुया टोचणार नाहीत अशा पांढऱ्या डब्यात टाकतात.

डॉक्टरांना कसे विचारावे?

संकोच करू नका. "डॉक्टर, पाउच माझ्यासमोर उघडाल का?" किंवा "हँडपीस ऑटोक्लेव्ह केला आहे ना?" एवढे विचारणे पुरेसे आहे. नीट काम करणाऱ्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. समाधान झाले नाही, तर उपचार सुरू होण्यापूर्वी थांबण्याचा तुम्हाला हक्क आहे.

वापरलेली सुई टोचल्याची शंका आली तर?

वाट पाहू नका. जागा साबण आणि पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा. एचआयव्ही टाळणारी औषधे गरज असल्यास शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. हिपॅटायटिस बी ची लस घेतली आहे का, हेही डॉक्टरांना सांगा.

संसर्गाच्या भीतीने उपचार मात्र टाळू नका. किडलेला दात तसाच राहिला, तर पू होऊन सूज जबडा आणि मानेपर्यंत पसरू शकते. दवाखाना नीट पारखून घ्या आणि उपचार वेळेवर करा.