घोडबंदर रोडवरचा घरचा ट्रान्सपोर्ट: वाढला कसा आणि उतरणीला का लागला?

काशिमीरा नाक्यावर तीन दिशांच्या गाड्या एकत्र येतात. दहिसरकडून मुंबईच्या, घोडबंदर रोडने ठाणे-न्हावाशेवाच्या आणि वरसावे पुलावरून वसई, पालघर, गुजरातच्या. याच तिठ्याच्या जोरावर मिरा-भाईंदर पट्ट्यात अनेक घरांनी ट्रक घेतले.

सुरुवात बहुतेक ठिकाणी एका गाडीने झाली. वडील मालक आणि ड्रायव्हरही तेच, धाकटा भाऊ क्लीनर, हिशेबाची वही घरात. माल जवळच मिळायचा. भाईंदरचं मीठ, खाडीची रेती, भाईंदर पूर्वेची स्टीलची भांडी, पुढे वसई आणि तारापूरच्या कारखान्यांचा माल. 1989 मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झालं आणि गुजरात ते बंदर ही फेरी घोडबंदरवरून होऊ लागली. पहिल्या गाडीचे हप्ते फिटले की दुसरी यायची.

पण खरी कमाई फक्त चाकावर नव्हती, ओळखीवर होती. दहिसरच्या जकात नाक्यावर रांग लागायची, कागदात एक चूक निघाली की गाडी रात्रभर उभी. तिथली माणसं आणि पद्धत माहीत असलेल्या मालकाला व्यापारी दोन पैसे जास्त द्यायचे. परतीचं भाडंही ओळखीनेच मिळायचं. रिकामी गाडी परत आली की फेरीचा नफा गेला, हे ट्रकवाल्याला सांगावं लागत नाही.

ही ओळखीची किंमत थोड्याच वर्षांत उतरली. 2016 मध्ये वरसाव्याच्या जुन्या पुलाला तडा गेला, अवजड गाड्यांना तिथून बंदी आली आणि फेरे कमी झाले. (नवा पूल 2023 मध्ये खुला झाला, तोवर बऱ्याच जणांचे हप्ते थकले होते.) 16 जून 2017 पासून डिझेलचा भाव रोज बदलू लागला. भाडं मात्र महिन्याचं ठरलेलं. मधला फरक मालकाच्या अंगावर. मग 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. रांग संपली हे चांगलंच झालं, पण नाक्याचं ज्ञानही निकामी झालं.

जीएसटीनंतर कंपन्यांना राज्याराज्यात गोदाम ठेवायची गरज उरली नाही. भिवंडीसारख्या ठिकाणी मोठी गोदामं वाढली आणि कंत्राटं मोठ्या ट्रान्सपोर्टकडे गेली, कारण त्यांना एका फोनवर पन्नास गाड्या लागतात. घरची दोन-तीन गाड्यांची फर्म त्यांच्याकडे भाड्याने लागली. बिल्टी दुसऱ्याची, दर दुसऱ्याचा आणि पैसे दोन महिन्यांनी. जुलै 2018 मध्ये केंद्राने तीन ॲक्सलच्या गाडीची वजनमर्यादा 25 वरून 28.5 टन केली. तेवढाच माल कमी गाड्यांत मावू लागला, भाव आणखी पडला.

मग सगळेच बुडाले का? नाही. शेजारच्या कर्नाटकात विजय संकेश्वर यांनी 1976 मध्ये गदगला एका ट्रकने सुरुवात केली आणि त्यातून व्हीआरएल उभी राहिली. त्यांचा भर पार्सलवर होता, म्हणजे एकाच गाडीत अनेक व्यापाऱ्यांचा माल. एक गिऱ्हाईक सुटलं तरी गाडी थांबत नाही. आपल्याकडचे बरेच जण एका कारखान्यावर टेकलेले होते.

दुसरं कारण घरातलंच. वाटण्या झाल्या की गाड्या वाटल्या जातात, गिऱ्हाईक वाटता येत नाही. पोरं ड्रायव्हिंगला तयार नसतात, त्यात चूक काही नाही, पण पगारी ड्रायव्हर ठेवला की एका गाडीत दोन घरं चालत नाहीत.

ज्यांच्याकडे अजून वडिलांच्या नावाची गाडी आहे त्यांनी एक गोष्ट बघा. मोटार वाहन कायद्याप्रमाणे परमिटधारक वारल्यावर वारसाने 30 दिवसांत परिवहन प्राधिकरणाला कळवावं लागतं. तसं कळवलं तर जुन्या परमिटवर तीन महिने गाडी चालवता येते आणि त्याच मुदतीत परमिट आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यायचा असतो. मुदत गेल्यावर गाडी रस्त्यावर असेल तर दंड होऊ शकतो आणि अपघात झाला तर विमा कंपनी परमिटचा मुद्दा काढते. आरसी बुक, विमा आणि परमिट, तिन्हींवरची नावं आजच एकदा तपासून घ्या.